डोळ्यांना एक, पायथनला दोन

‘दुसऱ्या’ हा शब्द आज टाइप करा. मग एखाद्या जुन्या मराठी मजकुरातून तोच शब्द उचलून त्याच्याशेजारी चिकटवा आणि पायथनला विचारा, हे दोन्ही सारखे आहेत का? पुष्कळदा उत्तर येतं, ‘फॉल्स’. सारखे नाहीत! अक्षरं वाढवून पाहा, फाँट बदलून पाहा, काही फरक सापडत नाही. लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ला विचारलं की एकाची सात येते, दुसऱ्याची आठ. आपल्याला तर अक्षरं तीनच दिसतात.

सातचा हिशेब सोपा आहे. युनिकोड आपली अक्षरं अख्खी साठवत नाही, त्यांचे घटक साठवतं. द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. झाले सात. आठवा मात्र दिसत नाही, कारण तो दिसण्यासाठी नाहीच. त्याचं नाव ‘झीरो विड्थ जॉइनर’, क्रमांक २००डी. रुंदी शून्य, शाई शून्य. आजूबाजूची अक्षरं कशी जोडायची एवढीच सूचना तो देतो.

मराठीत तो शिरला तो ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांच्यातल्या फरकामुळे. डोंगरातल्या दऱ्यांचा अर्धा र आडवा लिहायचा, समुद्राच्या दर्याचा रफार डोक्यावर. हिंदीला या आडव्या अर्ध्या र ची गरज नाही, आपलं त्यावाचून चालत नाही. मग तो संगणकात साठवायचा कसा? भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं मानक होतं. त्याच्या रीतीने नुक्ता असलेला ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त लावायचा. युनिकोडच्या १९९६ सालच्या २.० या आवृत्तीत दुसरी वाट होती: साधा र, हलन्त, आणि पुढे हा अदृश्य जोडणारा. पुढे इस्कीची रीत मानली गेली, पण आधीचा मजकूर मोडू नये म्हणून दुसरी वाटही उघडी ठेवली. त्यामुळे आजही दोन्ही रूपं शुद्ध आहेत, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी उमटतात. शब्दमोजणीचा एखादा प्रोग्रॅम ‘दुसऱ्या’ दोन वेगळ्या ओळींत मोजतो तेव्हा त्याच्या तर्कात खोट नसते. त्याला खरोखरच दोन शब्द मिळालेले असतात.

अशा जुळ्यांना एकरूप करण्यासाठी पायथनमध्ये ‘नॉर्मलाइझ’ची सोय आहे. र आणि सुटा नुक्ता असे दोन तुकडे असतील, तर ‘एनएफसी’ पद्धतीने ते मुकाट्याने एक ऱ होतात. अदृश्य जोडणाऱ्यापुढे मात्र ती पद्धत हात टेकते, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समतुल्य नाहीत. तिथे ‘रिप्लेस’ची एक ओळ आपणच लिहायची: र, हलन्त, जोडणारा दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. ‘ॲ’चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवून ‘अॅ’ लिहीत होते आणि अजूनही लिहितात. दिसायला एक, साठवायला दोन, आणि नॉर्मलाइझ इथेही गप्प.

हा छळ फक्त मराठीच्या वाट्याला आलेला नाही. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पहिल्याच ओळीला ‘अशी फाइल नाही’ असा निरोप येऊ शकतो. फाइल समोर असते, पायथन बसवलेला असतो, तरीही! कारण थेट १९६३ सालच्या टेलिटाइप मॉडेल ३३ पर्यंत जातं. हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. ओळ संपली की छपाईचं डोकं डावीकडे आणायला एक संकेत (क्रमांक १३) आणि कागद एक ओळ वर सरकवायला दुसरा (क्रमांक १०). युनिक्सने फक्त दहा ठेवला. डॉसने आणि मग विंडोजने दोन्ही ठेवले. स्क्रिप्ट कुणी चालवायची हे सांगणारी पहिली ओळ लिनक्स वाचतो तेव्हा तो १३ पायथनच्या नावाला चिकटलेलाच राहतो, आणि तसल्या शेपटीच्या नावाचा प्रोग्रॅम संगणकात कुठेच नसतो. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचं डोकं डावीकडे न्यायचा हुकूम आजच्या सर्व्हरवर काम अडवून बसतो, याचं मला अजून नवल वाटतं. ‘डॉस-टू-युनिक्स’ नावाचं छोटं साधन ही शेपूट क्षणात कापतं.

एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून काढलेल्या सीएसव्ही फाइलच्या अगदी तोंडाशीही असाच एक पाहुणा असतो, ‘बीओएम’. दोन बाइटांपैकी आधी कुठली वाचायची, हे सांगण्यासाठी तो जन्मला. यूटीएफ-८ मध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, तरी ओळखीची खूण म्हणून तो टिकला. परिणाम असा की पहिल्या रकान्याचं नाव ‘नाव’ दिसतं आणि ‘नाव’ मागितलं की ‘की-एरर’ येते. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ सांगितलं की पीडा टळते.

मग हे सगळं शोधायचं कसं? पहिली गोष्ट, ‘प्रिंट’वर विश्वास ठेवू नये. प्रिंट माणसाला वाचता यावं म्हणून दाखवतो. ‘रेप्र’ मात्र जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते उलटी तिरकी रेघ मारून क्रमांकासह समोर ठेवतो: जोडणाऱ्याचा २००डी, बीओएमचा एफईएफएफ, १३ साठीचा ‘आर’. ॲ आणि अॅ यांचा फरक त्यालाही दाखवता येत नाही, कारण दोन्ही छापण्याजोगे. तिथे ‘ॲस्की’ हे फंक्शन लागतं, ते एकूण एक मराठी घटकाचा क्रमांक उघडा पाडतं. ‘स्ट्रिप’ लावला म्हणजे कडेची घाण गेली, असंही समजू नये. तो मोकळ्या जागा काढतो, न तुटणारी स्पेससुद्धा काढतो. पण जोडणारा आणि बीओएम त्याच्या लेखी मोकळी जागा नव्हेतच.

पायथन आपल्याला नुसता छळतो असंही नाही. त्याच्या ‘इंट’ला ‘४२’ हा मजकूर देवनागरी आकड्यांत द्या, तो बिनतक्रार बेचाळीस ही संख्या परत देतो. देवनागरी आकडे हेही आकडेच, हे त्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

अक्षरांच्या क्रमात मात्र तो पुन्हा घसरतो. ‘सॉर्टेड’ शब्द लावतो ते युनिकोडच्या क्रमांकाने. तिथे ळ हा ल च्या लगेच मागे बसलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. आणि उशिरा आलेल्या ॲ ला जागा मिळाली ती देवनागरी आकड्यांच्याही पलीकडे. म्हणून ‘ॲप’ हा शब्द यादीत ‘हळद’च्याही खाली सापडतो. कोशासारखा क्रम हवा असेल तर क्रमांकांवर विसंबू नये. भाषावार क्रम सांभाळणारी ‘आयसीयू’ ही लायब्ररी वापरावी.

तुमच्याकडे सभासदांची, पुस्तकांची किंवा गावांची जुनी मराठी यादी असेल, तर मोजणीआधी तिच्यातल्या चार ओळी रेप्रमधून काढून पाहा. २००डी दिसला, तर आधी तो बदला आणि मगच बेरीज करा.