केमो सुरू आहे? काढ्याची बाटलीही डॉक्टरांना दाखवा

कर्करोगाच्या रुग्णाची केमोथेरपी सुरू झाली की घरात दोन प्रकारची औषधे येतात. एक रुग्णालयातून, चिठ्ठीवर लिहून दिलेली. दुसरी नातेवाइकांच्या पिशवीतून: गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, गोमूत्राचा अर्क, कुठल्याशा वैद्याची पुडी. पहिल्या औषधाची फाईल असते. दुसऱ्याची नोंद कुठेच नसते, कारण डॉक्टर रागावतील या भीतीने ते कोणी सांगत नाही. या लपवण्याने रुग्णाचे काय नुकसान होते, ते आम्ही या पानावर मांडत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पुडी आणणारा माणूस शत्रू नसतो. केमोने केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात, अन्नाचा वास सहन होत नाही. घरच्यांना ते बघवत नाही. रुग्णालयातल्या गर्दीत मनातले विचारायला वेळ मिळत नाही. अशा वेळी मायेने कोणी काही आणून दिले, तर नाही म्हणणे अवघड जाते.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ असे आपण नेहमी ऐकतो. पण झाडपाल्यात ताकद असते, म्हणूनच त्याला जपायला हवे. आपल्या वस्तीत डब्यात लावलेल्या सदाफुलीपासून विन्क्रिस्टीन हे औषध मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही देतात. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते; त्यापासून इरिनोटेकान हे केमोचे औषध बनते. शास्त्रज्ञांनी झाडातला नेमका घटक वेगळा काढला, तपासला आणि त्याची मात्रा ठरवली. ती मात्रा रुग्णाच्या अंगमानाप्रमाणे मोजून देतात. सदाफुलीची पाने घरी वाटून प्यायल्याने कर्करोग बरा होत नाही. विषबाधा मात्र होऊ शकते.

केमोच्या काळात धोका मुख्यतः तीन बाजूंनी येतो.

पहिला, यकृताचा. केमोची अनेक औषधे यकृतातून बाहेर पडतात. त्याच वेळी काढ्याचा भार यकृतावर पडला तर त्याला सूज येऊ शकते. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे. पण केमो चालू असताना तो प्रयोग आपल्या रुग्णावर कशाला? शिवाय काढा लपवला, तर रक्ताच्या अहवालातला बिघाड केमोमुळेच झाला असे डॉक्टर समजतील. मग ते पुढची केमो लांबवतील किंवा मात्रा कमी करतील. दोष काढ्याचा असेल आणि कमी होईल कामाचे औषध.

दुसरा, जंतुसंसर्गाचा. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. तेव्हा न उकळलेला पानांचा रस, गव्हांकुराचा रस किंवा गोमूत्र पोटात गेले, तर निरोगी माणूस पचवील ते जंतू रुग्णाच्या जिवावर बेततात.

तिसरा, भेसळीचा. लेबल नसलेल्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस भूक लागते, बरे वाटते आणि विश्वास बसतो. काही भस्मांत शिसे, पारा आणि आर्सेनिकही सापडले आहे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र उपचार सोडल्याने होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी, नेहमीचे उपचार टाळून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या 281 कर्करोग रुग्णांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. ‘कर्करोग हमखास बरा’ अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. तरीही कोणी तसा दावा करत असेल, तर तिथेच सावध व्हा.

मग काहीच करू नये का? तसे नाही. भाजीतली हळद, चहातले आले चालते. हळदीच्या तयार कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत. डाळ, अंडी, पूर्ण शिजवलेले ताजे अन्न, उकळून गार केलेले पाणी द्या. आनापानसती, हलकी योगासने, थोडे चालणे यांनी भीती व थकवा कमी व्हायला मदत होते. त्याने गाठ विरघळत नाही, पण उपचार सोसण्याचे बळ येते.

विनयपिटकातील महावग्गात शुश्रूषेस सोप्या रुग्णाची पाच लक्षणे दिली आहेत. तो पथ्य पाळतो, पथ्याचेही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणे सोसतो आणि आपला आजार जसा आहे तसा सांगतो. या शेवटच्या लक्षणाकडे आम्ही उपासक-उपासिकांचे लक्ष वेधतो. डॉक्टरांपासून काही न लपवणे हाही धम्माचरणाचाच भाग आहे.

म्हणून एवढे कराच:

घरात जे जे घेतले जाते त्या पुड्या, बाटल्या पिशवीत घालून पुढच्या तपासणीला न्या. ‘डॉक्टर, हे पण घेतो, चालेल का?’ एवढेच विचारा.

उलट्या, तोंड येणे, भूक न लागणे यांवर रुग्णालयातच औषधे आहेत. मुकाट्याने सोसू नका, सांगा.

ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर काढा देत बसू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

पैशांअभावी केमो थांबत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

आणि विहारातील कार्यकर्त्यांनो, वस्तीत कोणाची केमो सुरू असेल तर पुडी सुचवण्याआधी त्याच्यासोबत एकदा रुग्णालयात जा. रांगेत उभे राहायला, फाईल धरायला आणि डॉक्टरांना नीट विचारायला माणूस लागतो.