महाराष्ट्र फुटबॉल संघ
महाराष्ट्र फुटबॉल संघ हा राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजेच संतोष करंडकात, महाराष्ट्र राज्याचे प्रतिनिधित्व करणारा संघ आहे. संघाचे व्यवस्थापन मुंबईस्थित वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे असून तिची स्थापना १९११ साली झाली.

इतिहास
संतोष करंडक १९४१ साली सुरू झाला. त्या काळी हा संघ मुंबई या नावाने खेळत असे व त्याच नावाने त्याने १९५४-५५ मध्ये पहिले विजेतेपद मिळवले. १९६० मध्ये राज्याची स्थापना झाल्यानंतर महाराष्ट्र या नावाने संघाने १९६३-६४, १९९०-९१ व १९९९-२००० असे तीन वेळा विजेतेपद पटकावले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे मुंबईकडून खेळलेले नामवंत खेळाडू होत.

संघरचना
संघात प्रामुख्याने मुंबई, कोल्हापूर व पुणे येथील खेळाडूंचा भरणा असतो. मुंबईत एअर इंडिया, महिंद्रा यांसारख्या आस्थापनांचे संघ, तर कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम यांसारखी तालीम मंडळे ही खेळाडू घडण्याची केंद्रे ठरली. आस्थापनांच्या संघांमुळे खेळाडूस नोकरीची शाश्वती मिळे. महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता संघ २०१० साली बरखास्त झाला. असे संघ बंद पडल्याने हा आधार आटला. तालीम मंडळांचा पाया मात्र लोकवर्गणी व पेठांतील चुरस हा असल्याने कोल्हापुरातील फुटबॉल टिकून राहिला.