भाड्याच्या दोन खोल्या आणि बँकेचं कर्ज

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, शहराच्या कडेला तीन खोल्यांचं घर घ्यावं, एकीत आपण राहावं, दोन भाड्याने द्याव्यात. हातात लाख-सव्वा लाखच आहेत. जमेल का?" जळगावची एमआयडीसी, बांभोरीचं विद्यापीठ, धुळे-शिरपूरची कॉलेजं, इथे खोली शोधणारे कायम फिरत असतात. तेव्हा विचार वावगा नाही. पण वही-पेन घेऊन बसा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. 'देऊ शकते', देईलच असं नाही. तुमची कमाई पाहून ती ७५ टक्क्यांवरही थांबेल. घर १२ लाखांचं धरू. कर्ज १० लाख ८० हजार, पदरचे १ लाख २० हजार. बाया इथेच थांबतात आणि फसतात. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च या किमतीच्या घराला त्या ९० टक्क्यांत धरत नाहीत. वकिलाचे पैसे वेगळेच. नुसती नोंदणी फी १ टक्का, म्हणजे १२ हजार.

खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे. इथे १२ हजार वाचतात. खरेदीखतात नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो. घरात यावरून कुरबुर होते, ठाऊक आहे मला. आकडा समोर ठेवून बोला.

आता हप्ता. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर महिन्याला साधारण ९,७२० रुपये. दोन खोल्यांचं भाडं अडीच-अडीच हजार, म्हणजे ५ हजार. उरले ४,७२०. पण परीक्षा झाल्या की पोरं गावी जातात, खोली रिकामी पडते. म्हणून भाडं बारा नाही, दहाच महिन्यांचं धरा: वर्षाला ५० हजार, महिन्याला ४,१७० च्या आसपास. मग पदरचे साडेपाच हजार लागतात. घरपट्टी, मोटार, गळणारं छत वेगळं. आषाढ-श्रावणात हात मोकळा असताना हे साडेपाच हजार निघतील का? नसतील निघत, तर अजून दोन वर्षं बचत करा.

तेच कर्ज १५ वर्षांचं घेतलं तर हप्ता १०,९५० च्या घरात जातो, पण एकूण परतफेड २३ लाख ३० हजारांऐवजी १९ लाख ७० हजार होते. मी तर म्हणते, मुदत लांब घ्या आणि कापसाचे, केळीचे पैसे आले की मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर आधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड लावता येत नाही.

आणि ते १ लाख २० हजार? गटाचं कर्ज घर बांधायला किंवा दुरुस्तीला वापरता येतं, हे खरं. पण पदरचा हिस्साच कर्जातून उभा केला तर एका घरावर दोन हप्ते बसतात. फायनान्सवाल्याकडून तर मुळीच नको.

कागद पाहताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून कुणी 'मालकी पक्की' म्हटलं तर भुलू नका. तो घरपट्टीचा उतारा आहे. बँक खरेदीखत मागते, गावठाणात प्रॉपर्टी कार्ड किंवा सनद. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली आहेत. आपल्या घराची सनद तयार आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. जागा शेतजमीन असेल तर एनए झाली आहे का, ते वकिलाकडून आधी तपासा. विसार त्यानंतर.

भाडेकरू ठेवताना लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची आहे. पुढच्या कर्जाला भाडं कमाई म्हणून दाखवायचं असेल, तर बँक हाच करार मागते.