शिथिलीकरण

शिथिलीकरण : शरीरातील ऐच्छिक स्नायूंवरील अनावश्यक ताण जाणीवपूर्वक काढून घेण्याची व त्याद्वारे श्वसन, रुधिराभिसरण आणि मन यांना विश्रांती मिळवून देण्याची क्रिया. झोप, आळस किंवा ग्लानी यांहून ती वेगळी आहे. झोपेत जाणीव लोपते, पण ताण पुष्कळदा शिल्लक राहतो; दात खात किंवा मुठी आवळून झोपणारा माणूस सकाळी थकलेलाच उठतो. शिथिलीकरणात याउलट जाणीव जागी असते आणि ताण जातो. जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतली जाणारी वामकुक्षी हीही विश्रांतीच होय. तथापि तीत शरीराकडे लक्ष देण्याचा भाग नसल्याने तिची गणना येथे होत नाही. शिथिलीकरणाच्या पद्धती मुख्यतः दोन प्रवाहांतून आल्या आहेत : एक भारतीय हठयोगाचा आणि दुसरा यूरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढलेल्या देहजाणिवेच्या शिक्षणाचा. आज हे प्रवाह इतके मिसळले आहेत, की एखाद्या योगवर्गात दिली जाणारी सूचना मूळची कोठली हे सांगणे नेहमीच सोपे नसते.

शरीरक्रिया : पूर्णपणे विसावलेल्या स्नायूत विद्युत् क्रिया जवळजवळ नसते. प्रेरक तंत्रिकांकडून संदेश येणे थांबले, की स्नायुतंतू आकुंचन पावत नाहीत व त्यांत उरतो तो केवळ ऊतकांचा स्वाभाविक लवचिक ताठपणा. परंतु सामान्य माणूस ‘स्वस्थ’ पडला असतानाही त्याचे कपाळ, जबडा, मानेची मागील बाजू, खांदे व पोट यांतील स्नायू थोडेफार काम करीत असतात. हे काम इतके सवयीचे झालेले असते, की ते चालू आहे याची त्याला जाणीवही नसते. शिथिलीकरणाची खरी अडचण येथेच आहे. जो ताण जाणवतच नाही, तो सोडता येत नाही. म्हणून कोणत्याही पद्धतीची पहिली पायरी ताण ओळखण्याची असते.

संकटाच्या प्रसंगी अनुकंपी तंत्रिका तंत्र व अधिवृक्क ग्रंथी उद्दीपित होऊन हृदयाची गती, रक्तदाब आणि स्नायूंचा रक्तपुरवठा वाढतो. लढण्याच्या किंवा पळण्याच्या या सिद्धतेचे वर्णन अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन (१८७१–१९४५) यांनी केले. संकट टळल्यावर परानुकंपी तंत्राने, विशेषतः प्राणेशा तंत्रिकेने, शरीर पूर्वस्थितीवर यावे, अशी निसर्गाची योजना आहे. मात्र कर्ज, नोकरीतील असुरक्षितता, घरातील कलह यांसारखी संकटे टळत नाहीत व त्यांच्यापासून पळताही येत नाही, त्यामुळे सिद्धता टिकून राहते. ऐच्छिक स्नायूंवर आपली सत्ता चालते, हृदयावर चालत नाही. श्वास मात्र दोहोंच्या सीमेवर आहे. तो आपोआप चालतो आणि इच्छेनेही बदलता येतो. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते. त्यामुळे लांब व सावकाश उच्छ्वास हे जवळपास सर्व पद्धतींचे साधन झाले आहे. २००१ मध्ये इटलीतील संशोधकांनी लॅटिन जपमाळेचे पठण व योगातील मंत्र यांची तुलना केली. दोहोंमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते व रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षेपी क्रिया अधिक संवेदनशील होते, असे त्यांना आढळले.

भारतीय परंपरा : पातंजल योगसूत्रांत आसन स्थिर व सुखकारक असावे असे सांगून ते साधण्याचा एक उपाय प्रयत्नशैथिल्य हा दिला आहे. म्हणजे प्रयत्न वाढवून नव्हे, तर सैल करून आसन सिद्ध होते. आधुनिक व्यायामशाळेत शिकवल्या जाणाऱ्या आसनांत या सूत्राचा विसर पडलेला पुष्कळदा दिसतो.

शिथिलीकरणाचे प्रमुख आसन म्हणजे शवासन. त्याचा इतिहास रंजक आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या दत्तात्रेययोगशास्त्र या ग्रंथात प्रेतवत उताणे पडून राहणे हा लययोगाचा, म्हणजे चित्ताचा लय घडवून आणण्याचा, एक स्वतंत्र उपाय म्हणून येतो. आसन म्हणून नव्हे. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेने त्याला आपल्या पंधरा आसनांत स्थान दिले आणि ते श्रम हरण करते व चित्तास विसावा देते, असे म्हटले. घेरंडसंहितेतील बत्तीस आसनांत तेच मृतासन या नावाने आढळते. म्हणजे मुळात जी ध्यानाची रीत होती, ती आसनांच्या मालिकेत येऊन पुढे इतर आसनांचा शीण घालवण्याचे साधन बनली. तांत्रिकांच्या शवसाधनेशी, ज्यात साधक प्रत्यक्ष प्रेतावर बसतो, तिचा संबंध नाही. नामसाम्यामुळे घोटाळा होऊ नये.

शवासनात पाठीवर पडून पायांत सुमारे हातभर अंतर ठेवतात. हात धडापासून थोडे दूर, तळवे वर, बोटे सहज वळलेली असतात. मान ताणली जात असल्यास डोक्याखाली पातळ घडी घेतात. कंबर दुखत असल्यास गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली सतरंजी ठेवावी. डोळे मिटून लक्ष पायांच्या बोटांपासून क्रमाने वर नेतात व प्रत्येक भाग जमिनीवर टाकून दिल्यासारखा सोडतात. यात जीभ आणि डोळे यांचा विसर पडू नये. मनात शब्द उमटत असताना जिभेचे व स्वरयंत्राचे स्नायू सूक्ष्मपणे हलतात आणि चित्रे पाहताना डोळ्यांचे. ते सैल झाल्यावर विचारांचा वेगही पुष्कळदा मंदावतो. वर्गाच्या शेवटी दोन मिनिटे उरली म्हणून उरकलेले शवासन हे शवासन नव्हे. नवशिक्यास स्थिर होण्यासच पाच-सात मिनिटे लागतात. उठताना एकदम न उठता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे.

योगनिद्रा ही शवासनावर आधारलेली पद्धती बिहारमधील मुंगेर येथील योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती (१९२३–२००९) यांनी मांडली. तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. तांत्रिक न्यासात मंत्र म्हणत शरीराच्या अवयवांना स्पर्श करतात. सत्यानंदांनी मंत्र व स्पर्श वगळून केवळ लक्ष उजव्या हाताच्या अंगठ्यापासून ठराविक क्रमाने सर्वांगावर फिरवण्याची रीत बसवली. योगनिद्रा हा शब्द मात्र पुष्कळ जुना आहे. पुराणांत तो शेषशायी विष्णूच्या निद्रेस लावलेला असून आषाढी एकादशीपासून सुरू होणाऱ्या देवशयनाची कल्पना तीच आहे. त्या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो विसाव्या शतकात.

महाराष्ट्रातील कार्य : योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याचा आरंभ महाराष्ट्रात झाला. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था व योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले आणि उड्डियान, नौली इ. क्रियांचा क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने अभ्यास केला. शवासनाविषयीचे सर्वांत परिचित वैद्यकीय संशोधन मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयविकारतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांचे असून ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी अतिरक्तदाबाच्या ४७ रुग्णांचे तीन गट केले : औषध न घेणारे, औषधाने दाब आटोक्यात असलेले व औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेले. रुग्णांना रोज अर्धा तास शवासन करण्यास सांगण्यात आले. त्यात पोटाने सावकाश श्वसन, उच्छ्वासानंतर थोडा दीर्घ विराम आणि नाकपुड्यांशी आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब यांवर लक्ष, एवढाच विधी होता. औषध न घेणाऱ्या गटाचा सरासरी माध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मिमी. पर्यंत उतरला आणि औषधे घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा कमी करता आली.

या प्रयोगात तुलनेसाठी शवासन न करणारा गट नव्हता, हा त्याचा मोठा दोष होय. रक्तदाब वारंवार मोजत गेल्यास तो काही अंशी नुसत्या सरावानेही उतरतो. ही उणीव इंग्लंडमधील भारतीय वंशाच्या वैद्य चंद्रा पटेल यांनी भरून काढली. त्यांनी शवासन व ध्यान यांना त्वचेच्या विद्युत्‌रोधावरून ताण ऐकू आणून देणाऱ्या यंत्राची जोड दिली. १९७३ मध्ये २० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर १९७५ मध्ये त्यांनी यदृच्छ वाटणी केलेल्या ३४ रुग्णांवर प्रयोग केला. शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा दाब नुसत्या विश्रांतीसाठी बोलावलेल्या गटापेक्षा बराच अधिक उतरला आणि नंतर दुसऱ्या गटास तेच शिकवल्यावर त्यांचाही उतरला. पुढील काळातील अनेक प्रयोग इतके आशादायक ठरले नाहीत. २००८ मध्ये झालेल्या अशा प्रयोगांच्या पद्धतशीर परीक्षणात रक्तदाबातील घट थोडी, व पुष्कळशा प्रयोगांचा दर्जा असमाधानकारक आढळला. लटक्या उपचाराशी तुलना केलेल्या प्रयोगांत तर फरक निश्चित म्हणता येईल असा नव्हता. तात्पर्य, शवासन हे औषधाचा पूरक होऊ शकते, पर्याय नव्हे. बरे वाटू लागले म्हणून रुग्णाने आपण होऊन गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. अतिरक्तदाब बहुधा जाणवतच नाही.

पश्चिमी पद्धती : अमेरिकेत अ‍ॅनी पेसन कॉल यांचे विश्रांतीतून सामर्थ्य या विषयावरील पुस्तक १८९१ मध्ये निघाले व ते फार खपले. आधुनिक शवासनातील तपशीलवार सूचना हठग्रंथांत सापडत नाहीत. त्यांवर अशा पुस्तकांची छाया आहे, असे योगाच्या इतिहासाच्या काही अभ्यासकांचे मत असून ते विचारार्ह आहे. या विषयास शास्त्रीय पाया दिला तो शिकागो येथील एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) यांनी. त्यांचा क्रमिक शिथिलीकरणावरील ग्रंथ १९२९ चा. नुसती हात वाकवण्याची कल्पना केली, तरी त्या हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत् विभव उमटतो, हे त्यांनी मोजून दाखवले. ताण ओळखता यावा म्हणून ते स्नायू हलकेच आकुंचित करवीत व मग तो सोडून देण्यास सांगत. आज प्रचारात असलेला ‘जोराने आवळा आणि सोडा’ हा प्रकार त्यांच्या पद्धतीचा नंतरच्या चिकित्सकांनी केलेला संक्षेप आहे. विसावण्यासाठी प्रयत्न करणे हीच चूक, असे जेकबसन यांचे सांगणे होते. प्रयत्नशैथिल्याशी असलेले त्याचे साम्य लक्षणीय आहे. जर्मनीतील योहानेस शुल्ट्‌स (१८८४–१९७०) यांनी १९३२ मध्ये जडपणा, ऊब, हृदय, श्वास, उदर व कपाळाचा गारवा या सहा जाणिवांवर आधारलेली स्वयंसूचनेची पद्धती मांडली. हार्व्हर्डचे हर्बर्ट बेन्सन (१९३५–२०२२) यांनी १९७५ मध्ये, या सर्व विधींमागे शरीराची एकच प्रतिक्रिया आहे असे प्रतिपादन केले.

देहजाणिवेची हालचाल : वरील पद्धतींत शरीर स्थिर असते. दुसरा एक वर्ग अत्यंत मंद, लहान हालचालींतून विश्रांती साधतो. त्याचे उगम बर्लिनच्या एल्झा गिंडलर (१८८५–१९६१) व टास्मानियात जन्मलेले एफ्. एम्. अलेक्झांडर (१८६९–१९५५) यांच्यापाशी आहेत. अलेक्झांडर हे कवितापठण करणारे नट होते व रंगमंचावर त्यांचा आवाज बसत असे. आरशासमोर उभे राहून निरीक्षण केल्यावर, बोलू लागताना आपण मान मागे खेचतो, हे त्यांना कळले. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–८४) हे भौतिकीविज्ञ आणि जूदोचे शिक्षक. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्यांना या विषयाकडे वळवले. हालचाल हलकी का असावी याचे त्यांनी दिलेले कारण मार्मिक आहे. डोक्यावर धान्याचे पोते असलेल्या माणसाला त्यावर पडलेले मूठभर दाणे कळत नाहीत. रिकाम्या तळहातावर ते लगेच कळतात. जोर कमी केला म्हणजे ताणातील बारीक फरक जाणवू लागतो व तंत्रिका तंत्र सोपी वाट निवडते.

या सर्वांना एक नाव दिले ते अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस हॅना (१९२८–९०) यांनी. देह या अर्थाच्या ‘सोमा’ या ग्रीक शब्दावरून त्यांनी सोमॅटिक्स ही संज्ञा रूढ केली. बाहेरून दिसणारे ते शरीर आणि आतून अनुभवले जाणारे ते सोमा, असा भेद त्यांनी केला. वारंवारच्या ताणाने मेंदू काही स्नायू सोडण्याची क्रिया ‘विसरतो’, हा त्यांचा सिद्धांत आकर्षक असला, तरी पुरेसा सिद्ध झालेला नाही. त्यांचा उपाय मात्र घरगुती आहे. स्नायू प्रथम आपण होऊन आवळावा, मग अतिशय सावकाश सोडावा आणि शेवटी पूर्ण थांबावे. मांजर किंवा कुत्रे उठताना हेच करते. मराठीत याला आळोखेपिळोखे म्हणतात आणि सभ्य माणसाने चारचौघांत ते देऊ नयेत असे लहानपणीच शिकवले जाते.

मर्यादा : शिथिलीकरण सर्वांनाच सुखद होते असे नाही. काहींना डोळे मिटून स्वस्थ पडताच छातीत धडधड व भीती वाटू लागते. ज्यांनी हिंसा किंवा अपघात भोगला आहे, त्यांच्या बाबतीत ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी लागते. अशांना डोळे उघडे ठेवून, बसून किंवा मंद हालचालींपासून आरंभ करू देणे योग्य. प्रेतवत पडण्याचा आग्रह धरू नये. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणे पडल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर येतो, म्हणून शवासन डाव्या कुशीवर करावे. निद्रानाशात शिथिलीकरणाचा उपयोग होतो. तथापि झोप आणण्याच्या हट्टाने केल्यास ते उलटते. ज्याला दिवसातून वीस मिनिटे एकटे पडण्यास जागा व सवड नाही, अशा गिरणी कामगाराला किंवा घरकामात गुंतलेल्या स्त्रीला केवळ ‘ताण घेऊ नका’ असे सांगणे निरर्थक असते. त्यांच्यासाठी कामाच्या मधेच खांदे सोडणे, जबडा सैल करणे व दोन-तीन लांब उच्छ्वास टाकणे एवढा अभ्यासही करता येतो. जेकबसन यांनीही काम करताना ज्या स्नायूंची गरज नाही, तेवढे सैल ठेवण्यास शिकवले होते. [⟶ योग; हठयोग; रक्तदाब].