निवाऱ्यातील मांजर आणि घरातील हाक

मांजर पाळणे ही मराठी घराला नवी गोष्ट नाही. परंतु मांजर 'दत्तक घेणे' हा शब्दप्रयोग अलीकडचा होय. पूर्वी घरात येणारे मांजर बहुधा आपण होऊन आलेले, नाही तर शेजारच्या घरी जन्मलेले पिल्लू असे. माणसाचे बोलणे लहानपणापासूनच त्याच्या कानांवर पडलेले असे. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या प्रौढ मांजराची गोष्ट निराळी आहे. पहिले काही दिवस ते कपाटाखाली बसून राहते, हाकेला ओ देत नाही; आणि 'हे माणसाळणार नाही' असे ठरवून काही कुटुंबे त्याला परत पोचवितात. हा निष्कर्ष भाषाशास्त्राच्या दृष्टीने कितपत टिकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मांजराच्या ध्वनींचे पद्धतशीर वर्णन मिल्ड्रेड मोएल्क या विदुषीने 1944 मध्ये प्रसिद्ध केले. तिने या ध्वनींचे तीन वर्ग केले : तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले, आणि तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले. आपली 'घुरघुर' पहिल्या वर्गात, 'म्याव' दुसऱ्यात, तर फिसकारणे तिसऱ्यात मोडते. यांपैकी 'म्याव' विशेष लक्षणीय आहे. पिल्ले आईला उद्देशून हा ध्वनी काढतात. प्रौढ मांजरे मात्र परस्परांशी तो क्वचितच वापरतात, माणसाशी मुबलक वापरतात. निकास्ट्रो व ओव्रेन यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, केवळ ध्वनिमुद्रित 'म्याव' ऐकून प्रसंग ओळखणे श्रोत्यांना अटकळीपेक्षा थोडेसेच अधिक जमले. मांजरांचा सहवास असलेल्यांना ते त्यातल्या त्यात बरे साधले. म्हणजे या ध्वनीचा अर्थ त्यात उपजत भरलेला नसून बव्हंशी प्रसंगाने व परिचयाने ठरतो. शब्दार्थसंबंध संकेताधीन आहे, हे नैयायिकांचे मत मानवी भाषेविषयी आहे. मांजराला भाषा आहे असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु संकेत रूढ होण्यास काळ व सहवास लागतो, एवढे साम्य निश्चित आहे.

नावाच्या बाबतीत हेच दिसते. अत्सुको साइतो व त्यांचे सहकारी यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जपानी अभ्यासात, मांजरांना प्रथम त्यांच्या नावाइतक्याच लांबीची व तशाच आघाताची सामान्य नामे ऐकविली आणि शेवटी नाव ऐकविले. पहिल्या शब्दांची सवय होऊन प्रतिसाद मंदावलेली मांजरे नाव ऐकताच पुन्हा सावध झाली. परंतु मांजरांच्या कॅफेत राहणाऱ्या मांजरांना आपले नाव व सोबतच्या मांजरांची नावे यांत भेद करता आल्याचे आढळले नाही. जेथे अनेक माणसे अनेक मांजरांना हाका मारतात, तेथे नाव व्यक्तिवाचक उरत नसावे. निवाऱ्यातील परिस्थिती याहून फारशी भिन्न नसते.

मराठी घरात आणखी एक अडचण संभवते. जपानी नामाचे रूप प्रत्यय लागताना बदलत नाही. मराठीत ते पुष्कळदा बदलते. 'बोका आला', परंतु 'बोक्याला घाल' आणि हाक मारताना 'बोक्या'. 'मनी'चे संबोधन 'मने'. त्यात आजी एक लाडके नाव घेते, मुले दुसरे. 'माऊ' मात्र सर्व विभक्तींत 'माऊ'च राहते. यास्तव संबोधनाचे एकच रूप सर्वांनी ठरवून घ्यावे, आणि ते खाणे देण्याच्या वेळी नियमाने उच्चारावे. रागावताना मात्र टाळावे, हे श्रेयस्कर.

आवाजही शब्दाइतकाच महत्त्वाचा आहे. शार्लोत द मूझों व त्यांचे सहकारी यांनी 2022 मध्ये 16 मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मालकाने माणसांशी बोलण्याचा सूर सोडून मांजराशी बोलण्याचा सूर धरला, की मांजरे तो बदल ओळखीत. अपरिचिताने तसाच बदल केला असता त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. दत्तक घेणारे कुटुंब पहिल्या दिवशी मांजराच्या लेखी अपरिचितच असते. त्याचा लाडिक सूर त्या दिवशी निरर्थक ठरला, तर त्यात नवल नाही.

यावरून असे म्हणता येईल की, पहिल्या दिवसांतील मौन हा नकार नव्हे. उभय पक्षी समाईक असा संकेत अद्याप घडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो घडविण्याचा भार, निदान आरंभी, माणसावरच पडतो. अन्नपाणी सोडलेले मांजर पशुवैद्यास तत्काळ दाखवावे. परंतु जे खाते-पिते आणि केवळ गप्प आहे, त्याला अवधी द्यावा. मराठीत 'मांजर' हा शब्द नपुंसकलिंगी आहे; नाव मिळताच 'ते' जाऊन 'ती मनी' किंवा 'तो बोका' होतो. घरच्यांच्या बोलण्यातला हा बदल एका दिवसात होतो; मांजराच्या बाजूने तो होण्यास काही आठवडे लागले, तरी ते परत पाठविण्यास पुरेसे कारण नव्हे.