इंग्रजीतील अवयववाचक संयुक्त विशेषणे : रचना आणि अर्थ

इंग्रजीत 'ब्लू-आइड', 'लेफ्ट-हँडेड', 'थिक-स्किन्ड' अशी अवयववाचक नामांपासून सिद्ध झालेली संयुक्त विशेषणे विपुल आहेत. त्यांच्या अंती येणारा 'एड' हा भूतकालवाचक धातुसाधिताचा प्रत्यय आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि तो ग्राह्य धरता येत नाही. कारण 'ब्लू-आय' असा धातू इंग्रजीत नाही. हा 'एड' नामाला लागतो व 'ते असलेला' असा स्वामित्वदर्शक अर्थ देतो. मराठीतील 'वान', 'दार' या प्रत्ययांशी त्याचे कार्य जुळते. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७८१ मध्ये थॉमस ग्रे यांच्या चरित्रात नामांना असा प्रत्यय लावण्याच्या प्रथेविषयी नापसंती दर्शविली होती. वस्तुतः हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेला आहे.

या शब्दांचा विग्रह कसा करावा, हा यातील महत्त्वाचा प्रश्न होय. 'ब्लू' अधिक 'आइड' असा विग्रह केल्यास अर्थ विस्कळीत होतो; निळेपणा व्यक्तीचा नसून डोळ्यांचा आहे. म्हणून प्रथम 'निळा डोळा' हा घटक आणि नंतर त्या संपूर्ण घटकाला प्रत्यय, असा क्रम मानावा लागतो. 'नीलकंठ' या बहुव्रीही समासात हेच घडते. पाश्चात्त्य भाषाविज्ञानातही या प्रकारासाठी 'बहुव्रीही' हीच संज्ञा रूढ आहे. भेद इतकाच की, संस्कृत समासाला स्वामित्वदर्शक प्रत्ययाची गरज भासत नाही, तर इंग्रजीत तो बहुधा अपरिहार्य असतो. 'बेअरफुट' हा प्रत्ययाविना टिकलेला जुना नमुना होय.

'दाढी असलेला' या अर्थी 'बिअर्डेड' हा शब्द एकटा चालतो. परंतु केवळ 'आइड' म्हटल्याने काही सांगितले जात नाही, कारण डोळे सर्वांनाच असतात. जे अवयव गृहीतच आहेत, त्यांना विशेषक जोडल्यावरच विशेषण सार्थ ठरते. संयुक्त रूपाची आवश्यकता येथे अर्थातूनच उद्भवते.

लाक्षणिक अर्थाच्या बाबतीत अनुवादकाची खरी कसोटी लागते. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये भ्याडपणासाठी 'लिली-लिव्हर्ड' हे विशेषण येते. यकृत हे धैर्याचे स्थान आणि ते रक्तहीन, म्हणून पांढरे, ही कल्पना त्यामागे आहे. मराठीत 'काळीज' हा शब्द यकृत व हृदय या दोहोंसाठी योजिला जात असल्याने 'सशाच्या काळजाचा' हा प्रयोग तेथे आश्चर्यकारकरीत्या जवळ येतो. याउलट १६११ च्या इंग्रजी बायबलमधील 'स्टिफ-नेक्ड' हे विशेषण हट्टी, आज्ञाभंजक लोकांसाठी आहे. ते 'ताठ मानेचा' असे शब्दशः आणल्यास अर्थ पालटण्याचा धोका संभवतो. मराठीत 'ताठ मानेने जगणे' हे स्वाभिमानाचे लक्षण मानले जाते. 'ओपन-हँडेड'साठी 'उघड्या हातांचा' नव्हे, तर 'सढळ हाताचा' हीच योजना उचित ठरते.

मराठीत 'एकडोळ्या', 'काळतोंड्या' अशी एकपदी रूपे आहेत. परंतु त्यांचा स्वर बहुधा हेटाळणीचा असतो. तटस्थ वर्णनासाठी सामान्यरूप व षष्ठी यांनी बनलेला 'निळ्या डोळ्यांचा' हा पदबंधच वापरला जातो. त्यात वचनही बोलके ठरते. 'लांब कानांचा' हे बहुवचन देहाचे वर्णन करते, तर 'हलक्या कानाचा' हे एकवचन स्वभावाकडे निर्देश करते. इंग्रजी समासात मात्र 'आय' किंवा 'हँड' या नामाचे वचन व्यक्त होत नाही, त्यामुळे हा भेद अनुवादकालाच संदर्भावरून निश्चित करावा लागतो.

तात्पर्य, या विशेषणांचा अनुवाद म्हणजे अवयवांच्या नावांची अदलाबदल नव्हे. कोणत्या अवयवावर कोणता स्वभावधर्म आरोपित करायचा, हे प्रत्येक भाषासमाज आपापल्या परंपरेने ठरवितो. रचनेचे ज्ञान विग्रहापर्यंत नेते; अर्थापर्यंत पोहोचण्यासाठी त्या परंपरेचा परिचय अनिवार्य ठरतो.