पाणी थंड करण्याचें पात्र आणि पेटंटाचा हक्क

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून राजकारणाचीं पत्रें निघालीं म्हणजे संग्राहकांस आनंद होतो. सुरया, माठ, सोरा, वाळा असल्या जिनसांच्या याद्या निघाल्या तर त्या बहुधा पुन्हां रुमालांत बांधून ठेवल्या जातात. अशा किरकोळ कागदांस आजच्या व्यवहारांत एक निराळेंच मोल आलें आहे, हें दाखविण्याकरितां प्रस्तुत लेख लिहिला आहे. घरांत पेय थंड करण्याचें पात्र ही अगदीं साधी वस्तु आम्हीं उदाहरणादाखल घेतली आहे. अशा पात्राचें पेटंट कोणी मागूं लागल्यास तें त्यास कितपत मिळूं शकतें, आणि त्या निर्णयांत एखाद्या जुन्या पानाचा संबंध कोठें येतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

(१) पात्रांचे प्रकार.— पेय थंड करणें आणि थंड राखणें हीं दोन कार्यें निराळीं आहेत; पेटंटाच्या विचारांत हा भेद महत्त्वाचा ठरतो. थंड करण्याची फार जुनी युक्ति बिनझिलईच्या मातीच्या माठाची. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, पृष्ठभागावर त्याची वाफ होते, आणि वाफेला लागणारी उष्णता आंतील पाण्यांतून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी लागतात. त्या हिशेबानें माठांतील पाण्याचा साठावा भाग उडून गेला, व बाहेरची उष्णता आंत शिरली नाहीं असें धरलें, तर उरलेलें पाणी सुमारें १० अंश सेंटिग्रेडनें उतरेल. मात्र या क्रियेला हवेंतील ओलाव्याची मर्यादा आहे. म्हणूनच देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यांत माठाचें पाणी गारगार होतें, आणि तसाच माठ कोंकणच्या दमट हवेंत मंद पडतो. छिद्रें बुजलीं किंवा बाहेरून झिलई दिली कीं माठाचा हा गुण जातो.

दुसरी युक्ति क्षारांची. सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो. त्या गार झालेल्या द्रावणांत धातूची सुरई फिरविली म्हणजे सुरईंतील पाणीही गार होतें. तिसरी युक्ति बर्फाची. चवथें साधन केवळ थंड राखण्याचें आहे. दोन भिंतींच्या मधील हवा काढून टाकलेली कुपी स्वतः कांहीं थंड करीत नाहीं. आंत जें घालावें तें तसेंच राखते.

(२) आबदारखान्याची साक्ष.— ‘आबदारखाना’ हा शब्द मराठी दप्तरांत वावरणाऱ्यांस नवा नाहीं. पाण्याची व्यवस्था पाहणारें हें खातें. अकबराच्या आबदारखान्याचें वर्णन अबुल फजल यानें आईन-इ-अकबरींत केलें आहे. सोरा शुद्ध कसा करावा हें सांगून तो कृति देतो. एक शेर पाणी कथलाच्या, रुप्याच्या किंवा अशाच धातूच्या सुरईंत भरून तोंड बंद करावें. दुसऱ्या भांड्यांत २॥ शेर सोरा व ५ शेर पाणी घालावें, आणि त्यांत ती सुरई सुमारें पाव तास फिरवीत राहावें. पुढें १५८५-८६ च्या सुमारास दरबार पंजाबांत गेल्यावर उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ येऊं लागलें, हेंही तो नमूद करतो.

या मापांची परीक्षा करून पाहण्याजोगी आहे. ३० अंश उष्णतेच्या १०० भाग पाण्यांत सुमारें ४५ भाग सोरा विरघळतो, आणि पाणी गार होईल तसतसें हें प्रमाण घटतें. तेव्हां ५ शेर पाण्यास २॥ शेर सोरा म्हणजे पाण्यांत मावेल तितका देऊन वर थोडा शिल्लक ठेवणारें प्रमाण झालें. तें अनुभवानें ठरलेलें असावें, असें यावरून दिसतें.

अबुल फजल या युक्तीचें श्रेय बादशहाकडे वळविल्यासारखें लिहितो. परंतु रोम येथें राहणाऱ्या ब्लास व्हिलाफ्रांका नामक स्पॅनिश वैद्याचें, सोऱ्यानें द्राक्षासव व पाणी गार करण्याविषयींचें पुस्तक १५५० सालींच छापलें गेलें होतें. त्या वेळीं अकबर गादीवर येण्यास ६ वर्षें अवकाश होता. तेराव्या शतकांतील अरबी वैद्यचरित्रकार इब्न अबी उसैबिया हा तर सोऱ्याची कृति आपल्याही पूर्वींच्या एका ग्रंथकाराच्या नांवावर देतो. सारांश, दरबारी स्तुतीवरून आद्यत्व ठरत नाहीं; लेख आणि त्याची तारीख यांवरून ठरतें. पेटंटाची परीक्षा नेमकी याच पद्धतीची आहे.

(३) पेटंट म्हणजे काय.— पेटंट हा राज्य आणि शोधक यांच्यामधील एक करार समजावा. शोधकानें आपली युक्ति इतकी उघड करून लिहावयाची, कीं त्या धंद्यांतील माणसास तेवढ्यावरून ती साधावी. मोबदल्यांत ठराविक मुदतीपर्यंत इतरांस त्या युक्तीपासून अडविण्याचा हक्क त्यास मिळतो. मुदत संपली कीं युक्ति सर्वांची होते.

हिंदुस्थानांत असा कायदा प्रथम १८५६ सालीं झाला व मुदत १४ वर्षांची ठरली. त्याखालीं पहिला हक्क कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांस पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल मिळाला. म्हणजे या देशांतील पेटंटांचा आरंभच उकाड्यावरील उपायानें झाला. राणीची पूर्वसंमति न घेतां केलेला म्हणून तो कायदा १८५७ सालीं रद्द होऊन १८५९ सालीं नव्यानें करण्यांत आला. १९११ चा कायदा पुढें दीर्घकाळ चालला. सध्यां १९७० चा कायदा लागू असून तो १९७२ पासून अंमलांत आला. मुदत आतां अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें आहे.

कसोट्या तीन. युक्ति नवी असावी, त्या विषयांतील जाणत्यास सहज सुचणारी नसावी, आणि उद्योगांत उपयोगी पडावी. यांशिवाय १९७० च्या कायद्याच्या ३ ऱ्या कलमांत कांहीं गोष्टी सरळ वगळल्या आहेत. जुन्याच वस्तु शेजारीं मांडून प्रत्येक आपापलें जुनेंच काम करीत असेल, तर ती मांडणी शोध नव्हे. त्याचप्रमाणें परंपरागत ज्ञान, किंवा परंपरेनें ठाऊक असलेल्या पदार्थांच्या ज्ञात गुणांची पुनरुक्ति, हाही शोध नव्हे.

(४) ड्यूअर यांची कुपी.— लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर जेम्स ड्यूअर यांनीं १८९२ सालीं द्रवरूप वायु राखण्यासाठीं दुहेरी भिंतीची निर्वात कांचेची कुपी केली. त्यांनीं तिचें पेटंट घेतलें नाहीं. कुपी विद्वानांच्या प्रयोगशाळांतून सर्वत्र ठाऊक झाली. बर्लिनचे कांच-कारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनीं ती नाजूक कांच घरगुती वापरांत टिकावी अशी रचना बसविली, १९०३ सालीं जर्मनींत पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १९०४ पासून ‘थर्मास’ या नांवानें धंदा सुरू झाला. आज आपल्या घरोघरीं हें व्यापारी नांवच वस्तूचें नांव होऊन बसलें आहे.

यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, मूळ तत्त्व उघड झाल्यावर त्याचा हक्क कोणासही उरत नाहीं, खुद्द शोधकासही नाहीं. दुसरी, उघड तत्त्वावरही एखादी खरोखर नवी रचना उभारली तर तेवढ्या रचनेपुरता हक्क मिळूं शकतो.

(५) हळदीचा निकाल.— जुन्या लेखाचें वजन किती, हें हळदीच्या प्रकरणांत स्पष्ट झालें. जखम भरून आणण्यासाठीं हळदीचा उपयोग, या विषयावर अमेरिकेंत १९९५ सालीं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळालें. आपल्याकडे जखमेवर हळद दाबणें हें प्रत्येक घरांतील म्हाताऱ्या माणसास ठाऊक. परंतु त्या वेळच्या अमेरिकन कायद्यांत परदेशांतील नुसता वापर किंवा तोंडी माहिती पूर्वज्ञान म्हणून धरली जात नसे. परदेशची साक्ष चालावयाची ती छापील लेखाची किंवा पेटंटाची. हा भेद २०१३ पासून अंमलांत आलेल्या सुधारणेनें गेला. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ सालीं फेरतपासणीची मागणी केली. त्या काळीं डॉ. रघुनाथ माशेलकर हे परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनें ३२ संदर्भ पुढें मांडले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी लेख होते आणि कांहीं शंभर वर्षांहून जुने होते. १९९७ सालीं पेटंटाचे दावे नाकारण्यांत आले. कोट्यवधि लोकांचा अनुभव जेथें पुरेना, तेथें छापील पान पुरलें.

(६) आजचा अर्जदार.— आतां कोणी घरगुती थंड पात्राचें पेटंट मागूं लागला असें धरूं. एका मातीच्या भांड्यांत दुसरें ठेवून मध्यें ओली वाळू भरली, तर तें नवें नव्हे. माठास तोटी व खालीं तिवई जोडली, तर ती जुन्या वस्तूंची मांडणी झाली. सोऱ्याच्या द्रावणांत सुरई फिरविण्याची कृति आईन-इ-अकबरींत मापांसह उघड आहे. परंतु त्यानें मातीचें असें नवें मिश्रण शोधलें, कीं छिद्रें लौकर बुजत नाहींत व हें मोजून दाखवितां येतें. किंवा विरघळलेला क्षार उन्हानें पुन्हां सुकवून त्याच पात्रांत वापरतां येईल अशी नवी रचना केली, तर तेवढ्यापुरता दावा विचारार्ह ठरेल. केवळ आकार नवा असेल तर पेटंटाचा मार्ग नव्हे. २००० च्या डिझाइन कायद्याखालीं नोंदणी करावी. तिची मुदत १० वर्षें असून ती ५ वर्षें वाढवितां येते.

अर्ज कलकत्ता, मुंबई, दिल्ली व चेन्नई येथील कचेऱ्यांत घेतले जातात. युक्ति पुरी झाली नसल्यास तात्पुरतें वर्णन दाखल करून १२ महिन्यांच्या आंत पूर्ण वर्णन देतां येतें. त्यापूर्वीं शोधकानें आपली युक्ति स्वतःच छापून टाकली, तर तोच लेख त्याच्याविरुद्ध साक्ष होतो. साधारणतः १८ महिन्यांनीं अर्ज प्रसिद्ध होतो. त्यानंतर पेटंट मिळण्यापूर्वीं कोणाही व्यक्तीस लेखी हरकत घेतां येते. मिळाल्यावर एक वर्षाच्या आंत हितसंबंधी मनुष्यास घेतां येते. ही हरकत पुराव्यानिशीं घ्यावी लागते, आणि येथेंच संग्राहकांचा संबंध येतो.

(७) संग्राहकांचें काम.— कुलुपांत असलेलें हस्तलिखित हें कायद्याच्या दृष्टीनें प्रकाशन नव्हे. तें लोकांस ज्या दिवशीं पाहावयास मिळालें, तो दिवस प्रकाशनाचा धरला जातो. समजा, कागद १७५० चा आहे व तो २०२० सालीं छापला गेला. तर २०१९ सालीं झालेल्या अर्जाविरुद्ध तो प्रकाशित लेख म्हणून उभा राहत नाहीं. आपल्या कायद्यांत स्थानिक समाजाच्या तोंडी ज्ञानासही मान आहे, व अशा कागदाचा त्या अंगानें उपयोग होऊं शकेल. तथापि छापील, दिनांकित पानाइतका तो मार्ग सोपा नाहीं. कागद छापण्यास जितका उशीर, तितकें त्याचें हें बळ कमी, ही गोष्ट संग्राहकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पारंपरिक ज्ञानाचा सरकारी संगणकीय संग्रह २००१ पासून सुरू झाला. पण त्याचा भर मुख्यतः वैद्यकावर व योगावर आहे. घरगुती भांड्याकुंड्यांच्या कृति अद्याप बहुतांशीं रुमालांतच पडून आहेत.

छापतांना पुढील गोष्टी पाळाव्या. पाठ जसाच्या तसा द्यावा. शेर, मण, घटका हीं मापें त्या प्रांताचीं कोणतीं, हें ठरवितां आल्यास सांगावें. पात्र मातीचें कीं धातूचें, झिलईचें कीं बिनझिलईचें, कशांत काय किती व किती वेळ, यांतील एकही शब्द गाळूं नये. कारण करून पाहतां येईल इतकें वर्णन असेल तरच तें पूर्वज्ञान म्हणून उपयोगी पडतें. गार पाण्याची नुसती स्तुति त्या कामीं निरुपयोगी. अबुल फजलाचा एक शेर, अडीच शेर आणि पांच शेर हा हिशेब उपयोगी. कागदासोबत तें पात्रही शिल्लक असेल तर त्याचें माप व चित्र द्यावें.

ज्यांच्यापाशीं आबदारखान्याच्या, मुदबखान्याच्या किंवा घरखर्चाच्या याद्या असतील, त्यांनीं त्या क्षुल्लक न मानतां नकलून प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंती आहे. त्यांतील युक्त्यांवर आपला हक्क सांगावा, म्हणून नव्हे. ज्या सर्वांच्या आहेत त्या सर्वांच्याच राहाव्या, म्हणून.